तिसऱ्या वाचनाला विचारा

अण्णांसमोर ‘कायदा केला’ असं कुणी सहज बोलून गेलं, की त्याची पुढची वीस मिनिटं गेली म्हणून समजावं. मी तर पहिल्याच दिवशी सापडले. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरातली पहिल्या मजल्यावरची खोली मी भाड्यानं घेतली होती. एका हातानं ट्रंक ओढत जिना चढत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर मैत्रिणीला सांगत होते, "अगं, आमच्या साहेबांनी नवा कायदा केलाय, लॅबमध्ये डबा खायचा नाही." जिन्याच्या वळणावर एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खाली पंचा, कानावर पेन्सिल. त्यांनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"कोण केला म्हणालात?"

"काय?"

"कायदा. कोण केला?"

"आमच्या साहेबांनी."

"एकटेच?"

"हो."

"किती वाचनं झाली?"

ट्रंक माझ्या गुडघ्यावर टेकलेली आणि फोनमध्ये मैत्रीण ‘हॅलो हॅलो’ करतेय. मी म्हटलं, वाचनबिचन काही झालं नाही, त्यांनी सकाळी येऊन सांगितलं.

"मग ‘सांगितले’ म्हणा. ‘बजावले’ म्हणा. ‘कायदा केला’ म्हणू नका. सरी?" असं म्हणून त्यांनी ट्रंकेचं दुसरं टोक उचललं आणि वरपर्यंत आणून दिलं. हे माझे घरमालक, हे मला वर गेल्यावर कळलं. ॲडव्हान्स देताना मला त्यांचा मुलगा भेटला होता. वडिलांबद्दल तो एवढंच म्हणाला होता, "ते थोडे शिस्तीचे आहेत." मुलाची वडिलांवर माया होती, हे त्या ‘थोडे’वरून नंतर माझ्या लक्षात आलं.

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलुखात आलं आणि परत जायचं विसरलं, असं ते सांगत. मी निपाणीकडची, तेव्हा कन्नड मिसळलेलं मराठी मला नवं नव्हतं. पण अण्णांचं मराठी ऐकताना पहिले काही दिवस मलाही मान तिरकी करावी लागे. ‘मी लिहिलो’, ‘ती सांगितली’, ‘स्वल्प थांबा’ असं ते बोलत, आणि ‘ठीक’ला ‘सरी’ म्हणत. एकदा कान बसला की मात्र फार गोड वाटायचं.

नोकरीची चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी शाखेत काढली होती. कायद्यांचे मसुदे तिथं पक्के होत. अण्णांचं काम शेवटची प्रत तपासायचं. कलमांचे आकडे क्रमानं आहेत ना, स्वल्पविराम जिथल्या तिथं आहेत ना, एवढंच. कायद्यात काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. पण स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर माणसं कोर्टात वीस-वीस वर्षं भांडतात, हे ते डोळे मोठे करून सांगत. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नातवंडांना बागेत नेतात. अण्णांनी आपल्या घरात कायदे करायला सुरुवात केली.

घरात बिऱ्हाडं पाच. खाली स्वतः अण्णा, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या मजल्यावर मी आणि शेजारी टेलरमामा-मामी. दुसऱ्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या मिस आणि बँकेत नोकरीला असलेले एक ब्रह्मचारी गृहस्थ, ज्यांना आम्ही बँकराव म्हणायचो. दर रविवारी सकाळी दहाला अण्णा स्टीलचं ताट चमच्यानं वाजवायचे, की सगळ्यांनी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जमायचं. एका बिऱ्हाडाला एक मत. प्रस्ताव शनिवारी रात्री नऊच्या आत अण्णांकडे लेखी पोचला पाहिजे. मग तीन रविवार तीन वाचनं. पहिल्या वाचनाला सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या वाचनाला हरकती, भांडणं, दुरुस्त्या. तिसऱ्याला फक्त हात वर, नाहीतर खाली. तिसऱ्या वाचनाला एक अक्षर बदलायचं नाही.

मंजूर झालेले कायदे जिन्यातल्या फळ्यावर टाचणीनं लागायचे. चपलांची तोंडं भिंतीकडे. नारळ पडला तर ज्याचा वार त्याचा. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा एकच: एक आठवडा मोटर. म्हणजे दिवसाआड सकाळी सहाला कावेरीचं पाणी आलं की खालच्या हौदातून ते वर टाकीत चढवायचं आणि टाकी वाहायच्या आत मोटर बंद करायची. वाचायला सोपं वाटतं. पण साखरझोपेतून उठून पंचवीस मिनिटं टाकीच्या आवाजाकडे कान लावून बसून बघा.

पहिले दोन-तीन महिने मला हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटला. मी यशवंतपूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. सहा दिवस मेट्रोत उभं राहून आलेलं माणूस. रविवारी दहाला गच्चीवर बसून चपलांवर चर्चा कशाला करायची? पण मग व्हायोलिनचा कायदा आला आणि माझं मत बदललं.

अण्णांची दुपारची झोप दोन ते चार. मिसचे शिकाऊ विद्यार्थी यायचे तीनला. आठ पोरं एकदम आठ तऱ्हेनं एकच सूर शोधायची. शेवटी अण्णांनी स्वतः प्रस्ताव आणला की दोन ते चार वाद्य वाजवू नये. घर त्यांचं, भाडं त्यांना देतो आम्ही. दुसरा कुणी मालक असता तर जिन्यात उभं राहून ओरडला असता आणि विषय मिटला असता. अण्णांनी तीन रविवार वाट बघितली. तिसऱ्या वाचनाला मत पडलं एक विरुद्ध चार. अण्णांनी ताटावर चमचा आपटून ‘नामंजूर’ म्हटलं आणि खाली गेले. त्या दिवसापासून दुपारी तीनला ते कानात कापूस घालून पडायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, हरलात की."

"हरलो. पण सभा किती छान झाली!" कापूस काढत ते म्हणाले, "बघा, सांगणं एक, बजावणं एक, कायदा करणं एक. सांगितलेलं कोण ऐकत नाही. बजावलेलं भिऊन ऐकतात. आणि कायदा केला तर जो केला तो पण ऐकायला पायजे. तुमचे साहेब लॅबमध्ये डबा खातात का?"

आमचे साहेब रोज लॅबमध्ये डबा खायचे. अण्णांना ते कसं कळलं, कोण जाणे.

गल्लीतही त्यांचं हेच चाले. रिक्षावाला म्हणाला, मीटरवर येत नाही, इथला कायदाच तसा आहे, तर अण्णा आत बसून त्याला वाचनं विचारायचे. असे ते निम्म्या वाटेत कितीदा उतरवले गेले याला हिशेब नाही. एकदा भाजीवाल्या अक्कानं मला सुनावलं की टमाट्याला हात लावायचा नाही, हा माझा कायदा. अण्णा मागेच उभे. त्यांनी तिथल्या तिथं गिऱ्हाइकांना गोळा केलं, दोन बायकांच्या हरकती घेतल्या आणि ‘उचलावे, पण दाबू नये’ अशी दुरुस्ती सुचवली. ती अक्का इतकी वैतागली की तिनं अण्णांना स्वतःच्या हातानं दोन किलो टमाटे निवडून दिले, त्यातले निम्मे पिळपिळीत. अण्णा चार दिवस टमाट्याचं सार पीत होते. तक्रार नाही. मिटिंग झाली होती ना.

एका संध्याकाळी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना मी सहज विचारलं, "एवढे कायदे तुमच्या हाताखालून गेले, तुम्हाला कसं वाटायचं?"

"आत विधानसभा चालायची. मी बाहेर बाकावर, कागद घेऊन. कुठं काय चुकलं तर धावायला. दार अर्धं उघडं. आतून ‘हो’ ऐकू यायचं. इतकी माणसं एकदम ‘हो’ म्हणतात नव्हं, भिंत हालल्यासारखी वाटते. स्वल्पविराम मी घातलेला, ‘हो’ ते म्हणायचे. मला कोण विचारला?" आणि लगेच ते टेलरमामांची चड्डी माझ्या दोरीवर कशी आली या विषयाकडे वळले.

माझे वडील गेल्यावर आई निपाणीजवळच्या गावी काकांच्या घरात राहत होती. काका वाईट नव्हते. पण तिच्या खोलीत आधी तंबाखूचं एक पोतं आलं, मग चार, मग ती पडवीत झोपायला लागली. एका शनिवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर आई जिन्यात बसलेली. बरोबर एक पिशवी आणि तेलाच्या डब्यात लावलेली तुळस.

"आठ दिवसासाठी आलेय," ती म्हणाली.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी तुळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाहुणे तुळस आणत नाहीत," ते हळूच म्हणाले.

फळ्यावरचा कायदा नंबर एक मला पाठ होता. ‘प्रत्येक बिऱ्हाडात पाहुणा तीन रात्री राहू शकतो. चौथ्या रात्री नाही.’ बाकीच्या कायद्यांना आमची मतं होती. हा त्या सगळ्यांच्या आधीचा, पिवळा पडलेला. माझी खोली एकटीला दिलेली. या शहरात आईला घेऊन दुसरी खोली शोधायची म्हणजे सहा महिने तरी हवेत, आणि तोवर तिला परत त्या पोत्यांमध्ये पाठवायचं. मी घड्याळ बघितलं. आठ चाळीस. वहीचं पान फाडलं, लिहिलं, आणि नऊला पाच कमी असताना अण्णांच्या हातात दिलं: ‘पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या आईला कायम राहण्याची परवानगी असावी.’

त्यांनी पेन्सिलीनं वेळ टाकली. "सरी. उद्या पहिलं वाचन."

"अण्णा, तीन वाचनं म्हणजे पंधरा रात्री. माझ्याकडे तीन आहेत."

"आहेत," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला, की त्यांचं ताट नेऊन मार्केटात विकावंसं वाटलं.

रविवारी वाचन झालं. सोमवारी रात्री तीन रात्री संपल्या. मंगळवारी संध्याकाळी मी आईची पिशवी भरत असताना अण्णा वर आले आणि फळ्यावरचा कागद वाचतो तसं म्हणाले, "‘प्रत्येक बिऱ्हाडात’ लिहिलंय. बिऱ्हाडं किती?"

"पाच."

"पाच त्रिक?"

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते गल्लीनं गॅलरीत उभं राहून बघितलं. तीन रात्री झाल्या की संध्याकाळी वरात निघायची. पुढे मी, पिशवी घेऊन. मागे आई, तेलाचा डबा कडेवर घेतलेला. मंगळवारी ती टेलरमामींकडे गेली आणि तिथं तिनं मामांचा तीन वर्षांचा खोकला काढ्यानं घालवला. शुक्रवारी मिसकडे. तिथं आठ पोरांना तिनं सांगितलं, की आधी शेंगदाण्याचा लाडू, मग व्हायोलिन. आणि खरं सांगते, सूर पुष्कळ सुधारला. सोमवारी बँकराव. ते बिचारे एकटे. बाईमाणसाबरोबर एका घरात बरं दिसत नाही म्हणून त्यांनी घर आईला दिलं आणि स्वतः तीन रात्री गच्चीवर काढल्या. आईला त्यांच्या फ्रिजमध्ये एक लिंबू सापडलं. बुधवारपर्यंत त्यात ठेचा, दही आणि भाकरीचं पीठ आलं होतं.

तरी बँकराव तत्त्वाचे. दुसऱ्या वाचनाला त्यांनी हरकत घेतली. "आईबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले, "पण उद्या कुणी मावशी आणेल, परवा मावशीचा जावई. पाणी दिवसाआड येतं. शब्द घट्ट हवेत." म्हणून ‘भाडेकरूवर आश्रित असलेल्या आईला’ अशी दुरुस्ती झाली. मी मान हलवली. आईला राहू देत होते ना, मग कसली का आई लिहिनात. आई तेव्हा खाली पोहे करत होती. पाहुण्यांना सभेत प्रवेश नसतो.

शेवटच्या तीन रात्री अण्णांकडे. आई आतल्या खोलीत, अण्णा बाहेर पडवीत. शनिवारी ती मला म्हणाली, "मी काय वंगाळ बोलले का गं? भितीवर त्येंच्या मालकिणीचा फोटू हाय. मी म्हटलं, मालकिणीच्या आई येत हुत्या का हितं? तवापास्नं त्यांनी तोंडच उघडलं न्हाई. जेवलं बी न्हाईत धड."

तिसऱ्या रविवारी आईला गच्चीवर बोलावलं. ज्याला कायदा लागू होणार त्याच्या समोर तिसरं वाचन व्हावं, अशी अण्णांची पद्धत. एरवी ते आम्हीच असायचो. आई डोक्यावर पदर घेऊन टाकीला टेकून बसली. रात्री सगळ्या संपलेल्या होत्या. पाच त्रिक पंधरा. अण्णांनी स्वच्छ प्रत वाचली. पाचही हात वर गेले, बँकरावांचा सगळ्यात आधी. माझा जीव भांड्यात पडला.

"लागू होणाऱ्यांची काही हरकत?" अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि चमचा उचलला.

"हाय," आई म्हणाली.

चमचा हवेतच राहिला.

"ते मगाशी काय वाचलासा? आश्रित?" आई उठून उभी राहिली. "मी कुनाची आश्रित न्हाई. म्हशी राखल्या, दूध घातलं, ह्या पोरीला शिकवली, ते कुनाच्या जिवावर? हितं पाच घरं हिंडले, पाची घरात भाकरी थापली. त्यो शब्द काढा. न्हाईतर मी रातच्या गाडीनं निपाणीला जाते."

मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला. बँकराव खजील होऊन म्हणाले, "काढून टाकू की. एवढं काय."

"तिसऱ्या वाचनाला अक्षर बदलत नाहीत," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अण्णा, एक शब्द!" मिस म्हणाल्या. "नव्यानं तीन रविवार करायचे तर यांना आता रात्री कुठल्या?"

"आज एक शब्द, उद्या एक ओळ. मग मी आणि हिच्या कारखान्याचे साहेब एकच."

मी रडायला लागले. मला त्या माणसाचा, त्याच्या ताटाचा आणि माझ्या आईच्या मानीपणाचा, सगळ्यांचा एकदम राग आला. अण्णा आईकडे बघत होते. मग ते जिना उतरून गेले. मामी म्हणाल्या, रागावले वाटतं. थोड्या वेळानं चपलांचा आवाज परत वर आला. अण्णांच्या हातात फळ्यावरचा तो पिवळा कागद होता, टाचणीसकट.

"कायदा नंबर एक," ते म्हणाले. "हा मी एकटाच लिहिलो. सभाबिभा नव्हती तेव्हा. माझ्या सासूबाई आल्या होत्या, म्हाताऱ्या. मला त्यांचं खोकणं आवडत नव्हतं. तीन दिवस झाले, मी कागद लिहून भिंतीला लावलो. चौथ्या दिवशी बायको त्यांना बसस्टँडवर सोडून आली. मला एक शब्द बोलली नाही. त्यानंतर त्या आल्याच नाहीत." ते थांबले. "तिला विचारलो नाही. त्यांना पण विचारलो नाही. ह्याला कायदा म्हणत होतो मी. इतकी वर्षं. हा माझा हुकूम होता."

त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. टेलरमामांनी उगाच खोकून बघितलं.

"मोटर एक महिना माझी," अण्णा म्हणाले. मग आईकडे वळून, "आणि ती तुळस उन्हात ठेवा. जिन्यात नको, माणसं अडखळतात."

कायदाच उरला नाही म्हटल्यावर परवानगीही लागेना; आई राहिली. पुढच्या दोन वर्षांत आमच्या बिऱ्हाडाचं मत तिनं माझ्याकडून कधी काढून घेतलं ते मला कळलंही नाही. पहिल्या वाचनाला गप्प बसणं तिला कधी जमलं नाही आणि त्यापायी तिनं इतक्यांदा मोटर चालवली, की टाकी भरत आली हे ती झोपेत ओळखायची. अण्णा आणि ती रविवारी दोन-दोन तास भांडत. अण्णांना इतकं खुशीत मी आधी बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी अण्णा जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा मारतहळ्ळीला राहतो, तो त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. त्यानं बरोबरच केलं; खाली एकट्या माणसाला कोण उठवणार, कोण बसवणार? खालच्या दाराला कुलूप लागलं. रविवारी आम्ही जमत होतो, पण ताट कुणी वाजवेना.

दोन बस बदलून मी आणि आई त्यांना भेटायला गेलो. गेटवर वॉचमननं वर फोन लावला, नावं लिहून घेतली, फोटो काढले. लिफ्टमध्ये एक छापील पाटी: पाहुण्यांनी मागची लिफ्ट वापरावी. अण्णा हॉलमध्ये खुर्चीत बसलेले. पंचा जाऊन पायजमा आला होता. कानावर पेन्सिल नव्हती. सून चांगली होती, तिनं आम्हाला डोसे खाऊ घातले. पण अण्णांना पंखा कमी करायचा होता, तर ते दोनदा तिच्याकडे बघून थांबले आणि मग तसेच बसून राहिले.

"पाटी बघितलात?" ते मला म्हणाले. "किती वाचनं झाली म्हणून विचारलो. ऑफिसमधला म्हणाला, ग्रुपवर टाकलंय अंकल." ते हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

 घरी आल्यावर आईनं वहीचं पान फाडलं. आई चौथी शिकलेली. एकेक अक्षर ठोकळ्यासारखं. शनिवार होता. नऊच्या आत तिनं तो कागद बँकरावांना दिला, कारण आता दुसरं कुणी नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की अण्णांनी आपल्या घरी परत यावं. सकाळी मामा, दुपारी आई, संध्याकाळी मिस आणि रात्री बँकराव त्यांच्याकडे बघतील. रविवारी मी. अण्णांना कुणी आश्रित म्हणू नये.

पहिल्या वाचनानंतर आईनं मारतहळ्ळीला फोन लावला. मुलगा म्हणाला, "मी अडवणार नाही, काकू. त्यांनाच विचारा," आणि त्यानं फोन अण्णांना दिला.

"अण्णा, तुमाला यायचं हाय का हिकडं?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"पहिल्या वाचनाला उत्तर देत नाहीत," अण्णा म्हणाले. "तिसऱ्या वाचनाला विचारा."

दुसऱ्या वाचनाला बँकरावांनी बाथरूममध्ये पकडायला दांडा लावायची दुरुस्ती आणली. आज तिसरं. मुलानं त्यांना गाडीतून आणलं. लागू होणाऱ्यानं हजर राहिलं पाहिजे ना. जिना चढायला अण्णांना पंधरा मिनिटं लागली. एका बाजूला मुलगा, एका बाजूला बँकराव. प्रत्येक वळणावर ते थांबत होते, फळ्यापाशी जरा जास्तच. गच्चीवर त्यांची खुर्ची आईनं सकाळीच धुऊन ठेवली होती. ताट तिच्याच हातात. तिनं तिचा कागद अडखळत, पण सगळा वाचला. चार हात वर गेले. मुलाला मत नव्हतं, तरी त्यानंही हात वर केला, आणि कुणी त्याला अडवलं नाही.

"लागू होणाऱ्यांची काही हरकत? का मंजूर हाय?" आईनं विचारलं.

अण्णांनी कागद मागून घेतला. नाकाजवळ धरून सावकाश वाचला. मग खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले. उठू नका म्हणून मुलगा पुढे झाला, तर त्यालाही त्यांनी हात वर करून थांबवलं.

"हो," अण्णा म्हणाले. खालच्या रस्त्यावरच्या भाजीवालीनं वर बघितलं इतक्या मोठ्यानं.

कागद आईला परत देताना ते म्हणाले, "तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम चुकलाय." आई पेन्सिल शोधायला लागली, तर म्हणाले, "राहू दे."